तिचं मशीन मी देऊन टाकलं

त्या व्हिडिओचा मला राग आला, हे आधीच सांगून टाकतो.

यंदाच्या संक्रांतीच्या आठवड्यात एका नव्या गेमिंग कन्सोलची घोषणा झाली. माझी मुलगी वीस वर्षांची आहे, कॉलेजात जाते. तिने सकाळी चहाच्या वेळी फोन माझ्यापुढे धरला. "बाबा, देख ना, हे बघ."

काळं, चपटं मशीन. टीव्हीला जोडलेल्या स्टँडच्या खोबणीत ठेवलं की खेळ टीव्हीवर दिसतो. तिथून उचललं की त्याच्याच पडद्यावर तो खेळ पुढे चालू राहतो. दोन्ही बाजूंना कंट्रोलर चिकटवायचे, हवे तेव्हा काढायचे. अशी मशीनं आधीही आली होती म्हणे, पण याचा पडदा मोठा आहे आणि चित्र जास्त स्वच्छ. वस्तू देखणी आहे, ते मी नाकारत नाही. व्हिडिओतली माणसं हसत हसत ती उचलून दुसऱ्या खोलीत जात होती. त्यांच्या घरात टीव्हीवरून भांडण नव्हतं, कुणी कुणाला ऊठ म्हणत नव्हतं.

आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये टीव्ही एकच, तोही हॉलमध्ये. आणि जानेवारीत हॉल आमचा नसतो. दिल्लीतल्या आमच्यासारख्या मराठी घरांना हे सांगावं लागणार नाही. संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकावर जाणारे नातेवाईक आधी आपल्याकडे उतरतात. स्टेशनवर घ्यायला जायचं, रजया काढायच्या, पहाटे गाडी ठरवून द्यायची. माझ्या वडिलांनी सरकारी क्वार्टरमध्ये हे केलं, मी इथे करतो. 'दिल्लीत आपलं घर आहे' असं गावाकडे कुणी म्हटलं की माझी छाती फुगते. त्या फुगण्यानेच घात केला.

मुलगी बारा वर्षांची असताना तिच्याकडे एक कन्सोल होता. तो जुन्या पद्धतीचा, वायरने टीव्हीला जोडलेला. त्यावरच्या एका खेळात तिने दोन वर्षं खपून एक गाव वसवलं होतं. त्यातल्या प्रत्येक घराला नाव होतं. विहीर होती, शाळा होती, आमची सोसायटीही होती, लिफ्टसकट. त्या जानेवारीत माझा चुलतभाऊ साताऱ्याहून बायको-मुलीला घेऊन आला. त्याची मुलगी दहा वर्षांची. चार दिवस ती त्या मशीनसमोरून हलली नाही. निघायच्या सकाळी तिने रडून घर डोक्यावर घेतलं.

मी वायरी काढल्या, सगळं एका पिशवीत भरलं आणि तिच्या हातात दिलं. "ने गं. काकाकडून."

चुलतभाऊ नको नको म्हणत राहिला, पण पिशवी तिच्याकडून घेऊन त्यानेच धरली होती. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "एवढा उदार आहेस तर तुझं काहीतरी दे. तुझा कॅमेरा दे." मी ऐकलं नाही असं दाखवलं. माझ्या मुलीला मी सांगितलं, "अगं, पाहुणी रडत होती. आपण नवीन आणू." नवीन मी आणलं नाही.

यंदा तोच चुलतभाऊ एकटा आला होता. व्हिडिओ चालू असताना तो शेजारीच चहात खारी बुडवत बसला होता.

"घे की दादा हिला," तो म्हणाला. "आमच्या पोरीला कसं एका मिनिटात दिलं होतंस."

"अजून खेळते का ती त्यावर?" मुलीने विचारलं.

"छे गं. आठ दिवस खेळली. मग तिच्या मामाने सगळं पुसून त्यात क्रिकेट घालून दिलं, त्यावर दोन दिवस. आता माळ्यावर असेल कुठेतरी."

माझं डोकं फिरलं. सगळं पुसलं. शाळा, विहीर, सगळं. आणि हा माणूस खारी खातोय. मी तावातावाने म्हणालो, "पुसण्याआधी एक फोन करायचास."

"अरे, मला काय माहीत त्यात काय होतं? तू कुठे सांगितलंस?"

मी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे त्याच्यावर चिडण्याचा मला काही हक्क नव्हता. आणि त्या व्हिडिओचा राग का आला, तेही मला तेव्हाच कळलं. तो बघताना मी मनात म्हणत होतो की तेव्हा असं मशीन असतं, खोलीत उचलून नेता आलं असतं, तर काहीच झालं नसतं. म्हणजे दोष वायरीचा. हे खोटं होतं. मशीन तिच्या खोलीत असतं तर मी खोलीतून काढून आणून दिलं असतं.

"मला ते घरातून घालवायचं होतं," मी मुलीला म्हणालो. बोलताना आवाज चढला, कारण शरमेपेक्षा राग सोपा जातो. "तुझे गणिताचे मार्क कमी झाले होते. तुला नाही म्हणायची हिंमत नव्हती. ती पोरगी रडली आणि मला निमित्त मिळालं. वर मी मोठ्या मनाचाही ठरलो."

चुलतभावाने कप खाली ठेवला.

"पता है," मुलगी म्हणाली. "त्याच दिवशी तू आईला म्हणालास ना, बरं झालं, ब्याद गेली. मी गॅलरीत होते."

आठ वर्षं तिला माहीत होतं. आठ वर्षं मी तिच्यासमोर पाहुणीच्या रडण्याचं कारण पुढे करत आलो, हसत, चारचौघांत, आणि ती ऐकून घेत होती.

"मी हे आणतो तुला," मी म्हणालो. "आलं की पहिल्या दिवशी."

"नको, बाबा." ती चिडली नव्हती, आणि तेच मला सहन होत नव्हतं. "तू आणलंस तर ते तुझं राहील. परत कुणी रडेल. मी माझं घेईन, नोकरी लागली की."

तिने फोन उचलला आणि ती तिच्या खोलीत गेली. दार लावलं नाही. व्हिडिओ पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. मला आत जाऊन तिच्याशेजारी बसून तो बघायचा होता. पण तिने बोलावलं नव्हतं, म्हणून मी हॉलमध्येच बसून राहिलो.