माणिकबाईंची सुट्टी

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मुलगा गोपाल म्हणाला, "माय, आज तू घरीच लेट, आमी पाहून घेतो," आणि माणिकबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बार्शीटाकळीला त्यांचं झेंडूचं शेत, अकोल्याच्या बाजारात ताडपत्रीखाली फुलांचं दुकान. बत्तीस वर्षांत दिवाळीला त्यांची पाठ दिवसा जमिनीला लागली नव्हती. वर्षभर कोणी विचारत नाही, आणि नेमकी हाताला उसंत नसते त्याच दिवशी आराम? माणसं अशी फुकट गोड होत नसतात, हे त्यांचं मत सासरी आल्यापासून पक्कं होतं.

तशी लक्षणं दसऱ्यानंतरच दिसू लागली होती. गोपाल त्यांना हार गुंफायला बसूच देत नव्हता, फुलं निवडायला लावायचा. सून मोनाली अंथरुणात चहा आणून द्यायची. दोघं कुजबुजायची आणि या आल्या की गप्प. वर मोनालीचे माहेरी फोन वाढलेले. माणिकबाईंनी ताडलं, आपल्या जागेवर विहीणबाईंना बसवायचा बेत आहे.

तरी त्या लेटल्या. पंखा फिरत होता, ओसरीत ऊन आलं होतं, घरात चिटपाखरू नव्हतं. ती शांतता त्यांना सोसवेना. डाव्या कुशीवर वळल्या तर विहीण दिसे, उजव्या कुशीवर वळल्या तरी विहीणच. अर्ध्या तासात त्यांनी लुगडं बदललं, दाराला कुलूप लावलं आणि अकोल्याची एसटी धरली.

बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या थेट दुकानात गेल्या नाहीत. डोक्यावरचा पदर पुढे ओढून गिऱ्हाइकांच्या मागे उभ्या राहिल्या. विहीणबाई कुठेच नव्हत्या. मोनाली त्यांच्या जागेवर मांडी घालून एकटीच हार गुंफत होती, गोपाल फुलं तोलत होता.

"हार नीट पाहून दे बाप्पा," पुढची एक बाई मोनालीला सांगत होती. "दसऱ्याले गाडीले घालतानी आमच्या मालकाच्या बोटात हारात राह्यलेली सुई घुसली. आनून दाखोली होती ना मी तुले, ते वाकडी."

"हो काकू, ते माह्याच हातून झालं," मोनाली मान वर न करता म्हणाली. "चुकी झाली."

माणिकबाईंनी सुई ओळखली. वाकडी सुई त्या बाजारात एकच होती. बोटं आखडतात म्हणून त्या आपली सुई मधोमध किंचित वाकवून घेत. दसऱ्याला ती सापडेना, तेव्हा सुनेनेच हरवली म्हणून त्या तिला चारचौघांत वाट्टेल ते बोलल्या होत्या. पोरीने तेही ऐकून घेतलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की आल्या पावली परत जावं असं झालं.

पण गेल्या नाहीत. गर्दी सारून पुढे आल्या.

"ते सुई माही होती, बाई," त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या. "इच्यावर नोको रागावू. मलेच आता बरोबर दिसत नाई."

गोपालच्या हातातला तराजू तसाच राहिला. माणिकबाई सुनेकडे वळल्या. "मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी पुना हार हातात घेतला नसता, आत्याबाई," मोनाली म्हणाली. "डोये तपासाले अमरावतीले नेऊ म्हनलं, दिवाळी झाली की. माह्या भावाले डॉक्टरचा नंबर लावाले सांगून राहिली होती."

माणिकबाई दुकानामागे गेल्या. तिथे रिकाम्या पोत्यांचा ढीग होता, त्यावर त्या आडव्या झाल्या. पुढे दरावरून घासाघीस, हॉर्न, आरडाओरडा, सगळं चालूच होतं.

"झोपा जराशा. घरच्या लक्ष्मीचा हार कराले उठोतो तुमाले," मोनाली म्हणाली.

तो हार तिने आधीच करून ठेवला आहे का, हे शेजारी हारांवर टाकलेलं पोतं उचलून पाहावं असं माणिकबाईंच्या मनात आलं. त्यांनी पाहिलं नाही. सुनेच्या शब्दावर विसंबून डोळे मिटले.