बिरदेवचा रिपोर्ट आणि तात्याबांचे खडे

कुरकुंभच्या एका औषधाच्या कारखान्यात बिरदेव नऊ वर्षं ऑपरेटर. मशीनच्या नुसत्या आवाजावरून त्याला बिघाड कळायचा, पण इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा म्हटलं की घाम फुटायचा. शिफ्ट इन्चार्जची जागा दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा ह्याच्या रिपोर्टवर लाल शाईचा सडा पडून ती हुकली. १९९८ साली तिसऱ्यांदा निघाली. साहेबांनी सांगून टाकलं, "परवा टाकीतला माल उतू गेला, त्याचा रिपोर्ट स्वतः लिहा, स्वतः तपासा. चुका निघाल्या तर नाव पुढं पाठवणार नाही."

बिरदेवनं लिहिला. पानभर एकच वाक्य! 'अँड' लावत गडी सुटला तो सुटलाच. दहावी शिकलेली बायको प्रतिभा हसून हसून बेजार झाली. "अवं, मधी दम तरी घ्या की!"

ओट्यावर त्याचे वडील तात्याबा बसले होते. मेंढरं विकून शेती धरल्याला वीस वर्षं झाली, पण मोजायची खोड काही गेली नव्हती. अक्षराशी उभ्या जन्मात संबंध नाही, तरी म्हणाले, "समदी मेंढरं एकदम सोडल्यावर मोजशील कशी? दारातनं एकेक सोड. आन् शेवटाकडनं बघ, म्हंजी लंगडं कंचं त्ये दिसतंय."

बिरदेवनं 'अँड' छाटले, एका वाक्याला एकच काम ठेवलं आणि शेवटच्या वाक्यापासून वर वाचत आला. काय सांगायचं! टाकी एक आणि क्रियापद चार टाक्यांचं. परवा घडलेलं निम्मं आजच घडत होतं. दुरुस्त करता करता गडी खुलला.

"आता मोजू," तात्याबा म्हणाले. "काय झालं त्ये आधी आपल्या बोलीत सांग." तो सांगत गेला, ते दर गोष्टीला एक खडा ठेवत गेले. बारा भरले. मग तो इंग्रजी वाक्यं वाचू लागला, दर वाक्याला एक खडा उचलायचा. अकरा उचलले.

"एक मेंढरू मागं राह्यलं."

बिरदेवचं तोंड उतरलं. कोणतं ते त्याला ठाऊक होतं. टाकी भरत असताना तो दहा मिनिटं चहाला गेला होता. बापापुढं बोलून गेला, कागदावर मात्र मुद्दाम गाळलं होतं.

"आबा, त्ये लिवलं तर जागा जाईल."

"मोजलं न्हाई म्हणून मेंढरू न्हाईसं हुतं व्हय?"

बिरदेवला बापाचा रागच आला. पण लिहिलं. पानातलं सगळ्यात छोटं वाक्य तेच होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब लाल पेन उघडून वाचू लागले. चहाच्या वाक्याशी थांबले. साहेबांनी खाली एकच ओळ लिहिली: चहाला मीच बोलावलं होतं. ते खरंच होतं. बिरदेवनं साहेबांचं नाव बापापुढंही काढलं नव्हतं.

"चुका नाहीत," साहेब मान खाली घालून म्हणाले. "नाव आजच पुढं पाठवतो."

संध्याकाळी बिरदेवनं घरी सगळं सांगितलं. तात्याबांनी अंगणातला आणखी एक खडा उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"तरीच म्हनलं! तेरा हुती की रं!"