हात्सुएच्या वाटणीचं सार

ओरिए नारिता दारात दिसली की अकिता या जपानी प्रांतातल्या त्या गावातल्या बायका आधी लोणच्याची बरणी आत सरकवायच्या. लोकांचं मीठ कमी करायला आरोग्य केंद्राचा कागद घेऊन ती घरोघर विचारत फिरे: गेल्या महिन्यात सहसा काय खाल्लंत, मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या खारट सोयाबीनचं, सार किती वाट्या, लोणचं किती वेळा. कुणी खरं सांगेल तर शपथ!

म्हातारा क्यूझो मात्र खरं बोलला. "सार? दर जेवणाला दोन वाट्या."

"काका, आत्ताच अर्धांगाच्या झटक्यातून वाचलात. डॉक्टरांनी एकच सांगितलीय ना?"

"माझी एकच गं. दुसरी हात्सुएची." त्याने देव्हाऱ्यातल्या बायकोच्या फोटोकडे हनुवटी केली. "तिच्यापुढे ठेवायची, मग मी प्यायची. टाकून कशी देऊ?"

"मग निदान मिसो कमी घाला."

"तिला अळणी चालत नाही. एकदा करून पाहिलं, तर त्या दिवशी ती आलीच नाही."

हा माणूस मेलेल्या बायकोच्या चवीपायी मरणार, हे ओरिएला स्वच्छ दिसलं. आणि ती चव तोडली तर हात्सुए दुसऱ्यांदा जाणार. तिने सरळ देव्हाऱ्यापुढची वाटी उचलली. "आज ही मी घेते," म्हणाली आणि पिऊन टाकली. खारटपणाने डोळ्यांत पाणी आलं.

मग ती रोजच दुपारी येऊ लागली. वेडेपणाच तो, लोकांचं जेवण मोजायचं सोडून बाई जेवायला बसली! पण दुपारी तरी म्हातारा एकाच वाटीवर राहिला. हात्सुएच्या आसनावर बसताना मानेमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटे. हळूहळू स्वतःच्या घरचं सार तिला पाणचट लागायला लागलं, तेव्हा ती खरोखर घाबरली.

एके दुपारी चुलीकडे तोंड करून, पाठमोऱ्या क्यूझोने विचारलं, "हात्सुए, मीठ बरोबर आहे ना गं?"

ओरिएने फोटोकडे पाहिलं. मनातल्या मनात हात जोडले.

"जास्त झालंय हो," ती म्हणाली. "आताशा मला इतकं सोसत नाही."

क्यूझोचा हात थांबला.

"अगं, मग आधी सांगायचं नाही का?" म्हणत त्याने पातेल्यात डावभर पाणी ओतलं.