मानवतच्या आभाळातला रीडबॅक

आमच्या घरात भूत-पिशाच्चाला कधीच थारा नव्हता. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आणि आम्हा भावंडांना बावीस प्रतिज्ञा पाढ्यांच्या आधी पाठ झाल्या होत्या. मानवतला आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की अण्णा दार लावून आम्हाला गणितं घालायचे. त्यामुळे हे लिहिताना मला सगळ्यात जास्त भीती त्यांचीच वाटतेय... पण लिहिते.

मी एअर ट्रॅफिक कंट्रोलर आहे. कुठल्या सेंटरला ते विचारू नका. माझा थोरला भाऊ मिलिंददादा त्याच सेंटरला माझ्या आधीपासून होता. वरून जाणाऱ्या विमानांशी रेडिओवर बोलायचं, त्यांना एकमेकांपासून लांब ठेवायचं, हे आमचं काम. त्यात एक नियम पक्का — आम्ही सूचना दिली की पायलटने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. त्याला रीडबॅक म्हणतात. चुकला तर आम्ही दुरुस्त करतो, तो पुन्हा म्हणतो. बरोबर येईपर्यंत सोडायचं नाही.

एका दुपारी दादाने परभणी जिल्ह्यावरून जाणाऱ्या एका कॅप्टनला पुढच्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे पुढच्या कंट्रोलरच्या रेडिओवर, जायला सांगितलं. त्याने रीडबॅक दिला, पण नेमकं त्याच क्षणी दुसऱ्या कुठल्या तरी विमानातून कुणी बोलायचं बटण दाबलं. दोन आवाज एकावर एक पडले. त्यानंतर ते विमान वीस मिनिटं मुकं. ना जुन्या फ्रिक्वेन्सीवर, ना नव्या. सुदैवाने काही झालं नाही.

चौकशीत कॅप्टन म्हणाला, "आम्हाला सूचना मिळालीच नाही, तिथे रेडिओ कायम खराब असतो." शेजारच्या नव्या को-पायलटने मान डोलावली. आमचं सगळं बोलणं टेपवर रेकॉर्ड होतं, पण तिथे नुसती किंचाळी. रीडबॅक नीट आला नव्हता तर पुन्हा का विचारलं नाहीस, म्हणून सगळं खापर दादावर फुटलं.

"शालू, मी ऐकलंय गं त्याचं उत्तर," दादा मला म्हणाला. "शेवटचे आकडे बराबर म्हनला त्यो. नंतर झोपला आसंल. पन टेपमंदी न्हाई, तर मी काय दाखवू?"

त्याला माईकवरून उठवून कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं. बातमी मानवतपर्यंत पोचली. अण्णा विहारात वंदनेला गेले की लोक विचारायचे, "गुरुजी, पोरानं इमान पाडलं आसतं म्हनं?" अण्णांनी जाणंच बंद केलं. आठ महिन्यांत दादा हार्ट अटॅकने गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता.

त्या दिवसापासून त्या कॅप्टनचं वाटोळं व्हावं असं मी रोज म्हणायचे. दात घासताना म्हणायचे, बसमध्ये म्हणायचे. क्षमा, करुणा वगैरे मला सांगायला येणाऱ्या मावशीला मी चहासुद्धा विचारला नव्हता.

मग गेल्या वर्षी तो कॅप्टन माझ्या सेक्टरमध्ये, म्हणजे माझ्या वाट्याच्या आभाळात, आला. दुपारचे चार. माझा जोडीदार चहाला उठलेला, सेक्टरवर मी एकटीच. चौकशीत ऐकलेला त्याचा आवाज ओळखला आणि कानशिलं तापली. स्क्रीनवरचा त्याचा ठिपका सेलू ओलांडून मानवतच्या वर आला, तेव्हा मी त्याला पुढची फ्रिक्वेन्सी दिली.

उत्तर नाही.

पुन्हा दिली. नाही. इमर्जन्सी फ्रिक्वेन्सीवर हाका मारल्या, दुसऱ्या विमानाकडून निरोप धाडला. काहीच नाही. खरं सांगू? मला आनंद झाला. भोग आता, म्हटलं.

आणि एकदम त्याचा आवाज आला. बोलणं अर्थातच इंग्रजीत, मी मराठीत देते.

"रॉजर. त्या दिवशी सूचना मिळाली नव्हती."

मी काही विचारलंच नव्हतं. पाच-सहा सेकंद शांतता. मग तोच, जरा खालच्या आवाजात —

"करेक्शन. सूचना मिळाली होती. मी रीडबॅक दिला होता."

पुन्हा शांतता. एखादा माणूस प्रश्न विचारेल एवढीच.

"रेडिओ खराब होता..." थांबला. "करेक्शन. रेडिओ चांगला होता. व्हॉल्यूम मी कमी केला होता. झोपायला."

फ्रिक्वेन्सीवरची सगळी विमानं हे ऐकत होती. कुणी तरी म्हणालं, "हा बोलतोय कुणाशी?" कॅप्टन घोगऱ्या आवाजात पुढे म्हणाला, "चूक कंट्रोलरची नव्हती. चूक माझी. मी खोटं बोललो." मग त्याने मी दिलेली फ्रिक्वेन्सी अगदी बरोबर म्हणून दाखवली आणि निघून गेला.

नंतरच्या चौकशीत तो म्हणाला की त्याला बाकी काहीच ऐकू येत नव्हतं. एकच कंट्रोलर, पुरुष, मराठवाड्याकडच्या हेलाचा, पुन्हा पुन्हा सांगत होता — रीडबॅक चुकीचा आहे, परत म्हणा. या वेळच्या को-पायलटला मात्र हेडसेटमध्ये फक्त कॅप्टनचाच आवाज आला. यंत्रणा तपासली, दोष निघाला नाही. कॅप्टनचं उड्डाण थांबवलं आणि दादाच्या नावावरचा ठपका पुसल्याचं पत्र निघालं.

मी ते घेऊन मानवतला गेले. अण्णांनी दोनदा वाचलं. "बरं झालं," म्हणाले. "पन त्याचा आवाज तुला न्हाई ना आला ऐकू? मग मला सांगू नको कुनाचा व्हता." विहारात मात्र ते त्याच संध्याकाळी गेले, पत्र खिशात घालून.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण टेपवर अजून एक गोष्ट आहे.

कॅप्टन कबुली देत होता तेव्हा पालमकडून दुसरं एक विमान त्याच उंचीवर त्याच्या वाटेत येत होतं. ते मला स्क्रीनवर दिसत होतं. त्याला वळवणं माझं काम. कॅप्टन थांबला की मध्ये बोलायला जागाही होती. मी बोलले नाही. मला त्याचं शेवटचं वाक्य हवं होतं. मी वाट पाहिली.

टेपवर त्या दुसऱ्या विमानाच्या पायलटचा आवाज आहे, शांत, रोजच्यासारखा — "डावीकडे वळतोय. थँक यू, सर." त्याआधी सूचना नाही. कुणाचीच नाही. स्क्रीनवर ते विमान वळलं, आणि मी माईकवर बोट ठेवून नुसती बघत राहिले.

चौकशी समितीने विचारलं, ही वळायची सूचना कुणी दिली? माहीत नाही म्हणाले. ते आजही खरं आहे, माझ्याकडे याचं काहीही स्पष्टीकरण नाही. मी स्वतः ती वेळेवर का दिली नाही हे मात्र त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दोन विमानं भरून माणसं होती त्यात. दादावर ज्याचा खोटा आळ आला, ते मी खरोखर केलं.