शालनची पाठ

शालन गेली, हे मला गोठ्यात कळलं. फोन ह्यांना आला. हे म्हशीची धार काढत होते. फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता आधी वर छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "शालन गेली गं." काविळीचं निमित्त झालं, आठवड्यात सगळं आटोपलं. शाळेपासूनची माझी मैत्रीण; पण खरं सांगते, रडू यायच्या आधी मला ह्यांच्या त्या वर बघण्याचा राग आला. दीड महिना झाला, अजून तो पुरता गेलेला नाही...

छताला काय होतं ते सांगते. शालन चौक गावाच्या पुढे एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जायची. तिथे अंगाला लावायच्या क्रीमच्या जाहिरातीचं शूटिंग आलं. मुंबईच्या मॉडेलच्या पाठीवर ऐन वेळी पुरळ उठलं आणि मेकअपवाल्या बाईची नजर आमच्याकडे वळली. मीही मदतीला होते, शालनशेजारी कांदा चिरत. बाईने आधी मला नीट पाहून घेतलं आणि मग तिला उठवलं. चाळिशीची, दोन लेकरांची आई, पण पाठ अशी की... असो. थोड्याच दिवसांत ती पाठ हायवेवरच्या मोठ्या फ्लेक्सवर लागली, कमरेपर्यंत उघडी, डाव्या खांद्याखालच्या तिळासकट. लोक काय म्हणतील, असं मी तिला विचारलं.

"पाठच तर हाय गं. तोंड कुठं हाय त्यात?" म्हणाली आणि हसली. हसली की जास्तच सुंदर दिसायची मेली. आता ही शिवीसुद्धा तोंडात अडखळते.

त्याच जागी आधी एक नटी याहून कमी कपड्यांत वर्षभर उभी होती. तिच्याखाली गावाने निवांत चहा प्यायला. पण ही पाठ आपल्यातली आहे म्हटल्यावर संस्कृती बुडायला लागली. मोर्चा निघाला. पुढे घोषणा द्यायला कोण, तर आमचे हे. मोबाईलवर बातम्या देणाऱ्या एकाने अश्लीलतेच्या नावाने खडे फोडत तीच पाठ पुन्हा पुन्हा दाखवली, मधेमधे ताकदीच्या तेलाची जाहिरात. शालनला हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. ती खचली नाही, याचाही मला हेवा वाटला.

फ्लेक्स उतरला. आमच्याकडे उतरलेला फ्लेक्स कोणी टाकत नाही, पावसाळ्यात गोठ्यावर नाहीतर पेंढ्यावर घालतात. हे तो घरी घेऊन आले. "मजबूत हाय," म्हणाले. चित्राची बाजू आत केली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नको म्हणून. आणि लग्नापासून ज्यांनी म्हशीला हात लावला नव्हता, ते त्या पावसाळ्यापासून दोन्ही वेळा धार काढायला लागले.

तेराव्यानंतर शालनची लेक आली. "मावशी, आईचा तो फोटो तुमच्याकडं हाय ना? मला पायजे." हे लगेच वर चढले. फ्लेक्स काढून अंगणात अंथरला, फडकं भिजवलं आणि पुसत बसले. खांद्यापासून कमरेपर्यंत, सावकाश, तिळाभोवतीची जळमटं बोटाने काढत. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या पाठीला खाज आली की मी दाराच्या चौकटीला घासते.

"पुरे," मी म्हटलं. "साल निघंल तिची."

पोरगी गुंडाळी उचलून गेली. गोठ्यावर आता निळा प्लास्टिकचा कागद आहे आणि धार पुन्हा माझ्याकडे आली आहे. म्हैस पान्हा सोडेपर्यंत बसून राहावं लागतं, तेवढ्यात माझीच मान वर जाते. तीळ कुठे होता, ते मला अजून बरोबर सांगता येईल.