एक खेप वाचवली

“हेमाताई, हा अभ्यास कशासाठी आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा,” सर म्हणाले.

हेमाताईंनी तोंड उघडलं. “बोंबील,” त्या म्हणाल्या. चुकलं हे त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा प्रयत्न केला. “बोंबील.” मग डोळ्यांतून पाणी आलं.

मी मुंबईतल्या एका कॅन्सर हॉस्पिटलमध्ये रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. नवीन औषधाची पेशंटवर जी चाचणी होते तिला आम्ही ट्रायल म्हणतो. त्यात कोण बसतं ते तपासणं, पेशंटला सगळं समजावणं आणि कागदपत्रं सांभाळणं हे माझं काम. सर म्हणजे ट्रायलचे मुख्य डॉक्टर.

हेमाताई झाईच्या, डहाणूच्या पुढे गुजरातच्या सीमेवरच्या गावच्या. मासळी विकायच्या, गिऱ्हाइकांशी मराठी आणि गुजराती दोन्ही फटाफट बोलायच्या. मी डहाणूची म्हटल्यावर पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, “मग पापलेट कुणाकडनं घेतेस?”

त्यांना ग्लायोब्लास्टोमा होता. ही मेंदूतच उगवणारी, फार वेगानं वाढणारी गाठ. सर्जन दिसते तेवढी काढतो, पण तिच्या पेशी आजूबाजूला आधीच पसरलेल्या असतात. शिवाय रक्तातून येणारं बरंचसं औषध मेंदू आत घेतच नाही. ऑपरेशन, रेडिएशन, केमोच्या गोळ्या, सगळं झालं आणि काही महिन्यांत गाठ परत आली. डाव्या बाजूला, भाषेचं काम चालतं नेमकं तिथे.

अशा परत आलेल्या गाठीसाठीच आमची ट्रायल होती. मी त्यांच्या नवऱ्याला, काशिनाथभाऊंना, फोन केला.

“ताई, शब्द अडकतात तिचे, पण बोलते. उद्या येऊ?”

झाईहून येणं म्हणजे एसटी, मग ट्रेन, मग टॅक्सी. सोबत चक्कर येणारी बाई. मी म्हटलं, “पुढच्या बुधवारी एमआरआय आहेच. तेव्हाच कन्सेंट घेऊ. उगाच दोन खेपा कशाला?”

“बरं झालं,” ते म्हणाले.

मध्ये नऊ दिवस गेले.

कन्सेंट म्हणजे नुसती सही नव्हे. आपल्याला काय देणार, त्यात धोका काय, मध्येच सोडता येतं का, हे पेशंटला कळलं पाहिजे. त्या बुधवारी ‘बोंबील’च्या पुढे काही येईना, तेव्हा सरांनी हो-नाहीचे प्रश्न विचारून पाहिले.

“औषध घेणं तुमच्यावर सक्तीचं आहे का?”

हेमाताईंनी होकारार्थी मान हलवली.

“तुमच्या मर्जीवर आहे का?”

तशीच मान हलली.

मेंदूची सूज उतरली की कधीकधी बोलणं परत येतं. म्हणून सरांनी स्टेरॉइड वाढवलं. दोघं तीन दिवस धर्मशाळेत राहिले. चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा बसलो. या वेळी बोंबीलही नाही.

“मी देतो ना सही. तेवीस वर्षं बायको आहे माझी,” काशिनाथभाऊ म्हणाले.

“या ट्रायलमध्ये नातेवाइकाची सही चालत नाही,” सर म्हणाले. “त्रास झाला, नको वाटलं, तर त्या सांगणार कशा?”

नियम बरोबर होता. मी स्वतः तो कितीतरी लोकांना समजावलाय. त्या दिवशी मी रजिस्टरमध्ये ‘स्क्रीन फेल्युअर’ लिहिलं. म्हणजे ट्रायलमध्ये बसत नाही. वाचताना मात्र पेशंटच फेल झाल्यासारखं वाटतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी काशिनाथभाऊंना सांगून टाकलं. “भाऊ, तुम्ही म्हणालात त्याच दिवशी बोलावलं असतं, तर कदाचित सही झाली असती. चूक माझी.”

ते हेमाताईंच्या डोक्यावरचा स्कार्फ नीट करत होते. थांबले नाहीत. “दोनदा काय ताई, आम्ही रोज आलो असतो.”

पाच आठवड्यांनी हेमाताई गेल्या. झाईलाच, घरी.

पुढे ट्रायलही बंद झाली. औषधानं आयुष्य वाढत नाही, असं निघालं. सर मला म्हणाले, “बघ, म्हणजे त्यांचं काही नुकसान झालं नाही.” हिशेबानं खरंच आहे. पण ते ठरलं नंतर. त्या बुधवारी ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि नाही म्हणायचा हक्कसुद्धा हेमाताईंचा होता.

आता मी कुणाचीही खेप वाचवत नाही. फोनवरच विचारते, “आज निघता येईल?” लोक कुरकुरतात, एक-दोघांनी तक्रारही केली. करू देत. मेंदूच्या गाठीचा पेशंट ज्या दिवशी बोलतोय, त्याच दिवशी त्याच्याशी बोलून घ्यावं.