कानमावशीने वितळवलेली तबकडी

गाण्यांच्या तबकड्या बनवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे कानमावशी म्हणायचे. साच्यातून निघालेली तबकडी हेडफोन लावून ऐकायची आणि खरखर, घरघर सापडली की अख्खा माल वितळवायला धाडायचा, हे तिचं काम. मालकसुद्धा तिच्यापुढे चकार शब्द काढत नसे. तीस वर्षांत एकही खराब तबकडी माझ्या हातून सुटली नाही, असं ती ज्याला त्याला ऐकवायची, कुणी विचारो न विचारो!

परवा नातीने मोबाईलवर एक लेख वाचून दाखवला. यंत्रांवर चित्रविचित्र आवाज काढणारी दोन पोरं पुढे जगभर गाजली. त्यांची पहिली तबकडी मात्र आज शोधून सापडत नाही. पोरांनी डझनभर आधीच उचलून नेल्या, तेवढ्याच वाचल्या. बाकीच्या कारखान्यातल्या कुणीतरी खराब समजून वितळवल्या, साचाही मोडला.

"आजी, हा कारखाना तुझाच ना गं?"

मावशीचा चेहरा पडला. ती घरघर तिला चांगली आठवत होती. साचा बिघडलाय म्हणून केवढा आरडाओरडा केला होता तिने! म्हणजे तो आवाज मुद्दाम काढलेला? दोन दिवस तिला घास गोड लागेना. ज्या कानांचा एवढा तोरा मिरवला, त्यांनीच तोंडघशी पाडलं होतं.

नात गप्प बसणारी थोडीच! तिने त्या दोघांपैकी एकाला कळवलं, आणि रविवारी ते टकलू गृहस्थ वाचलेल्यांतली एक तबकडी काखोटीला मारून दारात हजर.

"चुकलं हो माझं," मावशी आधीच म्हणाली. "तुम्ही जीव ओतून केलेलं, आणि मी वितळवून टाकलं."

"अहो, तुमच्यामुळेच तर लोक तिला शोधत फिरतात! पण एकदा पुरती ऐका. तेव्हा अर्ध्यातच थांबला असाल."

त्यांनी घरातल्या जुन्या प्लेयरवर तबकडी लावली, मावशी डोळे मिटून बसली. घरघर झाली, किंचाळ्या झाल्या. मध्येच तिने बोट वर केलं.

"हा 'टुक' तुमचा नाही."

"काय सांगता! त्या टुकवर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत. मला वाटतं तो जोडीदाराने घातला, त्याला वाटतं मी!"

"साच्यावर कण बसला होता. बघा, तबकडीच्या दर फेरीला एकदा येतो. सहा फेऱ्या, मग बंद."

त्यांनी पुन्हा लावून मोजलं. बरोबर सहा! तिथूनच त्यांनी जोडीदाराला फोन केला. "अरे, धूळ आहे ती, धूळ! चाळीस वर्षं उगाच भांडलो आपण!" फोनमधून हसण्याचा गडगडाट ऐकू आला.

मावशीला मात्र आपले कान खरे ठरल्याच्या आनंदाने रडूच फुटलं.

"परत पहिल्यापासून लावा," ती डोळे पुसत म्हणाली. "मघाशी मी दोष शोधत होते. आता गाणं ऐकते."